संगणकाचे भाग बदलले की परवाना पुन्हा का मागितला जातो?

कार्यालयातील संगणक नादुरुस्त झाला, त्याचा मदरबोर्ड बदलण्यात आला आणि यंत्र पुन्हा सुरू केले, की पडद्यावर पुष्कळदा एक अनपेक्षित सूचना झळकते. विंडोज ही कार्यप्रणाली सक्रिय झालेली नाही, ती पुन्हा सक्रिय करावी, असा त्या सूचनेचा आशय असतो. यंत्र तेच, त्यावर काम करणारा कर्मचारी तोच आणि कार्यप्रणालीचे मूल्यही पूर्वीच चुकते केलेले. असे असता परवाना पुन्हा सिद्ध करण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. काहींना ही यंत्रातील बिघाडाची खूण वाटते, तर काहींना कंपनीने पुन्हा पैसे उकळण्यासाठी योजिलेली युक्ती वाटते. वस्तुतः या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. या सूचनेमागे एक निश्चित विचार आणि एक निश्चित गणित आहे. ते समजून घेतले म्हणजे सूचनेची भीती उरत नाही आणि दुरुस्तीपूर्वी कोणती दक्षता घ्यावयाची हेही कळून येते.

विक्री कशाची होते?

कार्यप्रणाली, जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती संगणकाचे सर्व भाग एकत्र चालविणारी मूलभूत आज्ञावली होय. ग्राहक ती विकत घेतो असे आपण म्हणतो. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो आज्ञावलीचा मालक होत नाही. त्याला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. पुस्तक विकत घेणाऱ्यास ते कोणासही देता येते, कारण एका वेळी ते एकाच हाती राहते. आज्ञावलीची गोष्ट निराळी आहे. तिची नक्कल मुळाइतकीच परिपूर्ण असते, ती करण्यास काही क्षण पुरतात आणि नक्कल केल्यावर मूळ प्रत आपल्याजवळच राहते. म्हणूनच सर्वसाधारण परवाना 'एक प्रत, एक संगणक' अशा मर्यादेने दिला जातो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली सुधारणा होऊन संगणकीय आज्ञावलींना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण मिळाले. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा त्याच अधिनियमाच्या कलम ६३-ब खाली शिक्षापात्र अपराध आहे.

परंतु कायद्याचे शब्द प्रत्येक टेबलापाशी पहारा देऊ शकत नाहीत. यास्तव नक्कल रोखण्याचे तांत्रिक उपाय आरंभापासूनच शोधले गेले. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या आज्ञावलीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मूळ फ्लॉपी संगणकात घातल्याखेरीज काम सुरूच होत नसे. अन्य काही आज्ञावलींसोबत संगणकाच्या मागील बाजूस जोडावयाची एक लहानशी डबी, म्हणजे डोंगल, येई. फ्लॉपी खराब झाली वा डोंगल हरवला, तर प्रामाणिक ग्राहकही अडून बसे. यातून पुढची कल्पना निघाली. किल्ली म्हणून वेगळी वस्तू देण्याऐवजी संगणकालाच किल्ली मानावे, अशी ती कल्पना होती.

ऑस्ट्रेलियातील रिक रिचर्डसन यांनी या स्वरूपाच्या पद्धतीवर अमेरिकेत १९९६ साली पेटंट मिळविले. मायक्रोसॉफ्ट कंपनीची सक्रियण पद्धती या पेटंटाचा भंग करते, असा दावा त्यांच्या यूनिलॉक या कंपनीने केला. २००९ मध्ये ज्यूरीने ३८ कोटी ८० लक्ष डॉलरची भरपाई ठरविली. त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निर्णय बाजूस सारला. २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पेटंटभंगाचा निष्कर्ष पुन्हा मान्य केला, मात्र भरपाईचा प्रश्न नव्याने ठरविण्यास सांगितले. अखेर २०१२ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. संगणकाची ओळख पटविणे ही बाब व्यापारी दृष्ट्या किती मोलाची मानली गेली, याची कल्पना यावरून येते.

संगणकाची ओळख कशी ठरते?

येथे खरी अडचण उद्भवते. मोटारीस चासी क्रमांक असतो आणि तो तिच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. घरगुती वा कार्यालयीन संगणकास मात्र सर्वमान्य आणि न बदलणारा असा एकच क्रमांक नाही. तो निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेल्या भागांची जुळणी असतो आणि त्यातील कोणताही भाग केव्हाही बदलता येतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास विचारतो, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? यांपैकी कोणताही एक भाग रथ नव्हे, भागांच्या जुळणीस मिळालेले ते नाव होय, हे त्या संवादाचे तात्पर्य आहे. संगणकाच्या बाबतीत हाच तात्त्विक प्रश्न अभियंत्यांपुढे व्यवहारात उभा राहिला. भाग बदलत असता 'तोच संगणक' कशास म्हणावे, हे त्यांना गणिताने ठरवावयाचे होते.

एखाद्या एकाच भागावर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. हार्डडिस्कचा क्रमांक प्रमाण मानावा, तर डिस्क बिघडताच परवाना निकालात निघेल. प्रोसेसरचा क्रमांक घ्यावा, तर तो प्रत्येक प्रोसेसरला नसतो. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये पेंटियम ३ या प्रोसेसरमध्ये असा क्रमांक घातला होता. परंतु त्यावरून व्यक्तीचा माग काढला जाईल या भीतीने मोठी टीका झाली आणि पुढील प्रोसेसरांतून तो वगळण्यात आला. म्हणून एका खुणेऐवजी अनेक खुणांचा समुच्चय घ्यावा, हा मार्ग स्वीकारण्यात आला.

दहा खुणांचे गणित

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली बाजारात आली आणि सक्रियणाची सक्ती सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. तिची रीत कंपनीने स्वतः प्रसिद्ध केली होती. नंतरच्या आवृत्त्यांत तपशील बदलले असले, तरी तत्त्व समजण्यास तिचेच उदाहरण सर्वांत सोयीचे आहे.

एक्सपी संगणकाच्या दहा गोष्टी पाही: कार्यप्रणाली असलेल्या डिस्क-विभागाचा अनुक्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, सीडी चालविणारा ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचा अनुक्रमांक, हार्डडिस्क, स्कझी नियंत्रक, आयडीई नियंत्रक, प्रोसेसरचा प्रकार आणि रॅमचे प्रमाण. या प्रत्येक गोष्टीचे गणिती संक्षेपण करून एक छोटा अंक काढला जाई. अशा अंकास हॅश म्हणतात. मूळ क्रमांकावरून हॅश काढता येतो, परंतु हॅशवरून मूळ क्रमांक परत मिळत नाही. उदाहरणार्थ, नेटवर्क कार्डाचा पत्ता ४८ बिटांचा असतो, म्हणजे त्यात सुमारे २८१ लक्ष कोटी निरनिराळे पत्ते संभवतात; एक्सपी त्यातून केवळ १० बिट, म्हणजे १,०२४ शक्यतांपैकी एक, एवढीच खूण ठेवी. जगातील असंख्य कार्डांची ही खूण एकच येणार, हे उघड आहे. त्यामुळे एका खुणेवरून यंत्र ओळखता येत नसे. परंतु दहा खुणा एकत्र जुळणे हा योगायोग सहसा घडत नसे. ओळख पटावी, पण मालकाची खाजगी माहिती बाहेर जाऊ नये, असा हा मध्यममार्ग होता.

या खुणा आणि प्रतीसोबत मिळालेली २५ अक्षरांची उत्पादन-किल्ली यांच्या आधारे ५० अंकांचा एक स्थापना-क्रमांक तयार होई. इंटरनेटद्वारे किंवा त्या काळी दूरध्वनीवरून तो कंपनीस कळविला, की कंपनी आपल्या नोंदी तपाशी. ती किल्ली पूर्वी दुसऱ्याच यंत्रासाठी वापरली गेली नसेल, तर सक्रियणास मान्यता मिळे. दूरध्वनीवरून ही मान्यता ४२ अंकांच्या पुष्टी-क्रमांकाच्या रूपाने दिली जाई. येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. सक्रियण आणि नोंदणी या एकच गोष्टी नव्हेत. नोंदणीत ग्राहकाचे नाव-पत्ता दिला जाई आणि ती ऐच्छिक होती. सक्रियणात नाव सांगावे लागत नसे, पण ते टाळता येत नसे.

किती बदल म्हणजे नवे यंत्र?

सक्रियण झाल्यावरही एक्सपी वेळोवेळी सध्याच्या खुणा जुन्या खुणांशी ताडून पाही. सर्व दहा खुणा जुळाव्यात असा आग्रह नव्हता, कारण मग रॅम वाढविणाऱ्या प्रत्येकास पुन्हा परवाना मागावा लागला असता. म्हणून सूट ठेवण्यात आली. टेबलावरील साध्या संगणकात नेटवर्क कार्ड तेच राहिले असेल, तर उरलेल्या खुणांपैकी सहा किंवा अधिक बदलल्यावरच पुनःसक्रियण मागितले जाई. नेटवर्क कार्ड बदललेले असेल किंवा मुळातच नसेल, तर चार बदल पुरेसे होत. त्या चारांत नेटवर्क कार्डाचाही बदल मोजला जाई. नेटवर्क कार्डाचा पत्ता हा प्रत्येक कार्डास वेगळा दिलेला असल्याने त्या साक्षीला अधिक वजन होते.

एका संगणकात नेटवर्क कार्ड कायम ठेवून ग्राफिक्स कार्ड, रॅम, सीडी ड्राइव्ह, प्रोसेसरचा प्रकार आणि आयडीई नियंत्रक ही पाच स्थाने बदलली, तरी एक्सपीच्या लेखी यंत्र तेच. दुसऱ्या संगणकात केवळ ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि सीडी ड्राइव्ह बदलला, पण सोबत नेटवर्क कार्डही नवे बसविले, तर यंत्र बदलले. जुन्या भागास धक्का न लावता एखादा नवा भाग जोडणे हा मात्र बदल मानला जात नसे.

या हिशेबावरून मदरबोर्डाचे महत्त्व सहज उमगते. पूर्वी नेटवर्क, ग्राफिक्स इत्यादींसाठी स्वतंत्र कार्डे असत. पुढे ती साधने मदरबोर्डावरच बसविली जाऊ लागली. त्यामुळे आज दुरुस्ती करणारा एकच भाग बदलतो, पण कार्यप्रणालीच्या दृष्टीने अनेक साक्षीदार एकाच वेळी बदललेले असतात. आपल्या दृष्टीने ती दुरुस्ती असते, आज्ञावलीच्या दृष्टीने ते स्थलांतर असते. आणि डिस्क उचलून खरोखरच दुसऱ्या संगणकात बसविली असती, तरी तिला नेमके हेच चित्र दिसले असते. या दोन घटनांतील फरक यंत्राला आतून कळू शकत नाही. म्हणून ते बाहेर विचारणा करते. पुनःसक्रियणाचे मूळ कारण हेच होय.

परवान्याचे तीन प्रकार

विचारणा झाल्यावर उत्तर काय मिळेल, हे परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

पहिला प्रकार यंत्रासोबत येणाऱ्या परवान्याचा. मोठे उत्पादक कार्यप्रणाली आधीच बसवून संगणक विकतात. २०१२ मधील विंडोज ८ पासून अशा यंत्रांची उत्पादन-किल्ली मदरबोर्डावरील स्मृतीतच साठविलेली असते. हा परवाना त्या यंत्राबरोबर जन्मतो आणि त्याबरोबरच संपतो. डिस्क, रॅम बदलल्याने त्यास बाध येत नाही. परंतु हौसेने वा क्षमता वाढविण्यासाठी मदरबोर्ड बदलला, तर ते नवे यंत्र मानले जाते. सदोष मदरबोर्डाच्या जागी दुरुस्ती म्हणून दुसरा बसविला असेल, तर परवाना टिकतो.

दुसरा प्रकार स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या परवान्याचा. तो जुन्या संगणकावरून काढून नव्या संगणकावर नेता येतो. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी वापरता येत नाही.

तिसरा प्रकार संस्थांच्या घाऊक परवान्याचा. एक्सपीच्या घाऊक आवृत्तीस सक्रियण लागत नसे. तिच्या किल्ल्या बाहेर फुटल्या आणि बेकायदा प्रतींना त्यातूनच वाट मिळाली. म्हणून २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टापासून संस्थांनाही सक्रियण लागू झाले. त्यातील एका पद्धतीत संस्थेच्या जाळ्यातच एक सेवक-संगणक ठेवला जातो. किमान २५ संगणकांनी त्याजकडे मागणी केल्यावर तो त्यांना सक्रिय करू लागतो आणि हे सक्रियण १८० दिवस टिकते; संगणक जाळ्यात राहिल्यास ते आपोआप वाढत जाते. अशा कार्यालयात भाग बदलल्याची झळ क्वचितच जाणवते. मात्र दौऱ्यावर नेलेला लॅपटॉप सहा महिन्यांहून अधिक काळ जाळ्याबाहेर राहिला, तर तो पुन्हा सक्रियण मागतो.

पद्धतीचे गुणदोष

या पद्धतीने सहजगत्या होणारी नक्कल आटोक्यात आली. परंतु तिचा भार प्रामाणिक ग्राहकावरही पडतो, हे मान्य करावयास हवे. ज्याने संरक्षण तोडलेली प्रत मिळविली त्यास सूचना दिसत नाही. ज्याने पैसे मोजले त्यास ती दिसते. शिवाय निर्णय दूरच्या सेवक-संगणकाच्या हाती असतो. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-व्यवस्थेत बिघाड होऊन वैध प्रतींनाही काही तास बनावट ठरविले गेले होते. आरंभीच्या व्हिस्टात सक्रियण न झाल्यास संगणकाचा वापर बहुतांशी रोखला जाई. ही कठोर तरतूद २००८ मध्ये काढून टाकण्यात आली. विंडोज १० व ११ मध्ये सक्रियण नसतानाही काम चालू राहते. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटते आणि पार्श्वचित्र, रंग इत्यादी बदलण्याच्या सोयी बंद होतात. कागदपत्रे नाहीशी होत नाहीत.

ज्यांना हे बंधनच नको, त्यांच्यासाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. त्याचा परवाना नक्कल करण्याची मुभाच देतो. त्यामुळे संगणक मोजण्याची वा ओळखण्याची गरज उरत नाही आणि मदरबोर्ड बदलला तरी कोणी प्रश्न विचारीत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने लिनक्सवरच आधारलेली बॉस ही कार्यप्रणाली तयार केली असून तीत मराठी व कोकणीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

दुरुस्तीपूर्वी घ्यावयाची दक्षता

कोणताही मोठा भाग बदलण्यापूर्वी परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे. यंत्रासोबतचा परवाना असेल, तर मदरबोर्ड उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडून बदलून घेणे श्रेयस्कर, कारण तेथे नव्या मदरबोर्डावर यंत्राची ओळख नोंदविण्याची व्यवस्था असते.

विंडोज १० च्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीपासून परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. ही जोडणी भाग बदलण्यापूर्वी करावयाची असते. तशी ती केलेली असेल, तर दुरुस्तीनंतर सक्रियणाच्या पानावरील अडचण-निवारक उघडून, या यंत्राचे भाग अलीकडे बदलले आहेत असा पर्याय निवडावा आणि खात्यातील यादीतून आपले यंत्र निवडावे. कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्याशी कार्यालयाचा परवाना जोडणे मात्र अनुचित होय. बदली वा निवृत्तीनंतर तो परवाना हाती लागत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर या व्यवस्थेने कुलूपबंद केलेला असतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डावरील सुरक्षा-चकतीशी निगडित असते. मदरबोर्ड बदलताच ही व्यवस्था ४८ अंकांची पुनःप्राप्ती-किल्ली मागते. सक्रियण राहिले तर सूचना दिसत राहील एवढेच. परंतु ही किल्ली नसेल आणि दुसरीकडे प्रतही ठेवलेली नसेल, तर वर्षानुवर्षांच्या नस्ती, हजेरीपट आणि हिशेब कायमचे गमवावे लागतील. म्हणून किल्ली आधीच लिहून सुरक्षित जागी ठेवावी आणि मजकुराची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

खरेदीची पावती व परवान्याचे प्रमाणपत्र संगणकाच्या पेटीबरोबर फेकून न देता नस्तीत लावावे. कोणता भाग कोणत्या दिवशी व कोणत्या कारणाने बदलला, याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत यंत्राच्या नावापुढे करावी. सदोष भागाच्या जागी दुसरा बसविला आणि क्षमता वाढविण्यासाठी नवा बसविला, या दोन गोष्टींत परवान्याच्या दृष्टीने अंतर आहे, आणि ते अंतर सिद्ध करण्यास हीच नोंद उपयोगी पडते.

संगणक आपले भाग मोजू शकतो, जुन्या खुणांशी ते ताडून पाहू शकतो; परंतु बदल कोणी व कशासाठी केला हे त्यास ठाऊक नसते. तो पुरावा माणसानेच जपून ठेवावयाचा असतो. ज्या कार्यालयात परवाना, किल्ली आणि नोंदवही ही तिन्ही हाताशी आहेत, तेथे पुनःसक्रियण हे काही मिनिटांचे काम ठरते. जेथे ती नाहीत, तेथे साध्या दुरुस्तीनंतरही नवा परवाना विकत घेण्याची पाळी येते.